उधळलेलें इंजिन

घोडा उधळला म्हणजे स्वार लगाम खेंचतो. लगामच तुटला असेल तर घोडा दमेपर्यंत त्याच्या पाठीवर टिकून राहणें किंवा संधि साधून उडी टाकणें, एवढेंच त्याच्या हातीं उरतें. यंत्रांच्या इतिहासांत हाच प्रसंग पुनः पुनः आलेला आहे. माणसानें वाफेला आणि तेलाला कामाला जुंपलें. पण लगाम कोणता, तो कोणाच्या हातीं, आणि तो तुटला तर दुसरा आहे कीं नाहीं, हा विचार त्यानें बहुधा अपघात झाल्यानंतर केला. डिझेल इंजिनाच्या बाबतींत या विचाराला विशेष महत्त्व आहे. कारण चालकानें किल्ली फिरवून बंद केल्यावरही हें इंजिन भलत्याच इंधनावर, स्वतःचा चुराडा होईपर्यंत, धांवत राहूं शकतें. इंग्रजींत या प्रकारास ‘रनअवे’ म्हणतात. उधळलेल्या घोड्यालाही तेथें हाच शब्द लावतात.

लगामाचा हा प्रश्न डिझेलच्याही पूर्वींचा आहे. जेम्स वॅटच्या वाफेच्या यंत्रांनीं आरंभीं खाणींतलें पाणी उपसलें. त्या कामांत वेग थोडा कमी-अधिक झाला तरी कोणाचें बिघडत नसे. परंतु १७८० नंतरच्या दशकांत तींच यंत्रें चाकें फिरवूं लागलीं, आणि वेगाचें महत्त्व एकदम वाढलें. लंडनमध्यें ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ आल्बियन मिल्स नांवाची वाफेवर चालणारी मोठी पिठाची गिरणी १७८६ सालीं सुरू झाली. गिरणीचें काम असें कीं जात्यांत धान्य पडलें कीं यंत्रावर भार येतो, आणि जातें मोकळें झालें कीं तेंच यंत्र भरधांव सुटूं पाहतें. दर घटकेला वाफेची झडप हातानें उघडझांप करणारा मनुष्य कितीही दक्ष असला तरी त्याचा हात यंत्राच्या मागेंच राहणार.

१७८८ सालीं वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानें या गिरणींत एक युक्ति पाहिली व ती वॅटला पत्रानें कळविली. फिरत्या दांड्याला टांगलेलीं दोन वजनें वेग वाढतांच बाहेर फेंकलीं जात, आणि त्यांच्या योगानें जात्यांच्या तळ्यांमधील अंतर आपोआप राखलें जाई. ही कल्पना पवनचक्क्यांवरून आलेली होती. टॉमस मीड यानें आदल्याच वर्षीं, १७८७ सालीं, तशा व्यवस्थेचें पेटंट घेतलें होतें. वॅटनें तीच दोन वजनें आपल्या यंत्राच्या वाफेच्या झडपेला जोडलीं. वेग वाढला कीं गोळे वर उचलले जात व झडप मिटूं लागे. वेग उतरला कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. यंत्र आपल्याच वेगानें आपला लगाम खेंचूं लागलें. यालाच गव्हर्नर म्हणतात. अशा गव्हर्नराचें १७८८ सालचें एक यंत्र लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आजही ठेवलेलें आहे.

पुढें ऐंशी वर्षांनीं, १८६८ सालीं, जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञानें गव्हर्नरांवर एक निबंध लिहून, हे लगाम कधीं स्थिर राहतात व कधीं स्वतःच हेलकावे खाऊं लागतात, याचें गणित मांडलें. परंतु कारखान्यांतील माणसांना एक गोष्ट गणितावांचूनच कळून चुकली होती. पुष्कळ यंत्रांत गव्हर्नर एका पट्ट्यानें फिरे. तो पट्टा तुटला अथवा घसरला कीं गोळे खालीं बसत. गोळ्यांच्या भाषेंत याचा अर्थ ‘यंत्र मंदावलें आहे, वाफ सोडा’ असा होई, आणि झडप सताड उघडे. वेग आवरणारें साधनच अशा वेळीं वेग वाढवी. मग पाळी येई ती अवजड गतिचक्राची, म्हणजे फ्लायव्हीलची. फिरत्या चाकाला फाडूं पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. बिडाचें चाक हा ताण सोसूं शकत नसे, आणि त्याचे मणामणाचे तुकडे भिंती फोडून बाहेर जात. म्हणून विचारी कारागिरांनीं पट्टा तुटतांच वाफ तोडणारी निराळी कळ बसविली. एका लगामावर विसंबूं नये, हा धडा वाफेच्या युगानें असा मोल देऊन शिकविला.

डिझेल इंजिनाचा जन्म मात्र एका वेगळ्याच ध्यासांतून झाला, आणि तो ध्यास काटकसरीचा होता. रूडॉल्फ डिझेल १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं जन्मला. बाप पुस्तकबांधणीचा व्यवसाय करी. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटतांच हें कुटुंब पॅरिस सोडून लंडनला गेलें, आणि बारा वर्षांच्या रूडॉल्फला शिक्षणासाठीं जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं नातेवाइकांकडे धाडण्यांत आलें. पुढें म्युनिक येथें कार्ल फॉन लिंड या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत त्यानें ऐकलें कीं वाफेचें यंत्र कोळशांतील उष्णतेपैकीं शेंकडा सहा ते दहा भागच कामीं लावतें. बाकीची सारी वायां जाते. हें वाक्य त्या विद्यार्थ्याच्या मनांतून पुढें कधीं गेलें नाहीं.

१८९२ सालीं त्यानें आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला. कल्पना अशी. सिलिंडरांत निव्वळ हवा घ्यावी आणि दट्ट्यानें ती इतकी दाबावी कीं दाबानेंच ती लालबुंद निखाऱ्यासारखी तापावी. मग त्या तप्त हवेंत इंधनाचा बारीक फवारा सोडावा. तो आपोआप पेटेल. ठिणगी नको, वात नको. सायकलीचा पंप मारतांना त्याचें टोंक गरम झालेलें ज्यानें अनुभवलें आहे, त्याला यांतील मर्म सहज कळेल. आउग्सबुर्गच्या कारखान्यांत १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिल्या यंत्रांत इंधन सोडतांच असा भडका झाला कीं दाब मोजण्याचें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. तरीही डिझेल हटला नाहीं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं यंत्र स्वतःच्या बळावर सुमारें एक मिनिट फिरलें. आणि १८९७ च्या फेब्रुवारींत प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनीं रीतसर कसोटी घेतली तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामीं लागतो असें सिद्ध झालें. त्या काळीं दुसरें कोणतेंही यंत्र या आंकड्याच्या जवळपास नव्हतें. स्वतः डिझेलचा शेवट मात्र दुःखद झाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून तो नाहींसा झाला, आणि पुढें कांहीं दिवसांनीं समुद्रांत सांपडलेल्या एका प्रेतावरील वस्तु त्याच्या मुलानें ओळखल्या.

आतां या काटकसरी यंत्राचे लगाम किती, तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनाला लगाम दोन. एक ठिणगीचा, ठिणगी तोडली कीं स्फोट थांबले. दुसरा हवेच्या नळांतील झडपेचा. चालकानें पाय उचलला कीं ती मिटते व इंजिनाचा श्वासच कोंडतो. डिझेल इंजिनांत ठिणगी नाहींच. हवेची झडपही त्याच्या मूळ रचनेंत नाहीं. कारण हवा भरपूर घेतली तरच ती दाबल्यावर पुरेशी तापते, आणि अर्ध्या मिटलेल्या दारांतून हवा ओढण्यांत जे श्रम वायां जातात तेही वांचतात. या दोन्ही गोष्टी काटकसरीच्याच आहेत. परिणाम असा झाला कीं डिझेल इंजिनाच्या तोंडांत एकच लगाम उरला, आणि तो इंधनाचा. फवारा किती द्यावा यावरच त्याचा वेग अवलंबून, आणि तो फवारा गव्हर्नराच्या ताब्यांत.

येथेंच या गोष्टीचें मर्म आहे. डिझेल इंजिन आपल्या इंधनाविषयीं चोखंदळ नाहीं. तप्त हवेंत पेटेल असें जें कांहीं सिलिंडरांत येईल त्यावर तें चालतें. मग तें टाकींतून पंपानें आलेलें असो वा हवेच्या वाटेनें चोरून आलेलें असो. गव्हर्नर पहारा देतो तो एका दाराशीं. दुसऱ्या दारानें इंधन आंत शिरलें तर तो आपल्या दाराचा आडणा घट्ट लावून बसतो खरा, पण इंजिन त्याला जुमानीत नाहीं. शिवाय जसजसा वेग वाढतो तसतशी इंजिनाची ओढ वाढते, आणि चोरवाटेनें येणारें इंधनही अधिकाधिक ओढलें जातें. आग स्वतःच आपल्यासाठीं सरपण गोळा करूं लागते.

या चोरवाटा तीन-चारच आहेत, आणि त्या ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली वंगणाची. दट्ट्याभोंवतालच्या रिंगा झिजल्या म्हणजे खालच्या कुंडींतील वंगणाचें तेल दट्ट्याशेजारून वर चढतें. किंवा कुंडींतील तेलकट वाफ जी नळी बाहेर नेते ती हवेच्या नळाला जोडलेली असल्यास, तिच्यावाटे तेल आंत ओढलें जातें. कुंडींत मापाहून जास्त तेल ओतलें तरी हाच अनर्थ ओढवतो. भलेपणानें घातलेलें दोन शेर तेल इंजिनाच्या जिवावर उठतें. दुसरी वाट हवा गाळणाऱ्या भांड्याची. कांहीं इंजिनांत धूळ अडविण्यासाठीं या भांड्यांत तेल ठेवलेलें असतें; तें खुणेच्या वर भरलें तर हवेबरोबर उचललें जातें. तिसरी वाट टर्बोचार्जरची. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून इंजिनांत जास्त हवा कोंबण्याची ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरनें १९०५ सालीं पेटंट केली. तिनें इंजिनाचें बळ पुष्कळ वाढलें. पण त्या चाकाच्या दांड्याला दाबाखालीं वंगण पुरवावें लागतें, आणि तेथील बंदोबस्त झिजला कीं तें वंगण सरळ हवेच्या वाटेंत गळतें. चौथी वाट सर्वांत भयंकर. भोंवतालच्या हवेंतच ज्वालाग्राही वायु पसरला असेल तर इंजिनाचा प्रत्येक श्वास इंधनानें भरलेला असतो.

याखेरीज पांचवा प्रकार आहे, तो मात्र चोरीचा नव्हे तर फितुरीचा. १९२७ सालीं जर्मनींतील बॉश कारखान्यानें डिझेलसाठीं इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि या पंपामुळें बोटींत व कारखान्यांत बसलेलें अवजड डिझेल रस्त्यावरील मालमोटारींत येऊं शकलें. या पंपांत एक दांतेरी पट्टी मागेंपुढें सरकते व फवाऱ्याचें माप ठरविते. पंप पुष्कळ दिवस पडून राहिला, गंजला, किंवा दुरुस्तीनंतर चुकीचा जोडला गेला, तर ही पट्टी भरपूर इंधनाच्या जागींच अडकून बसते. गव्हर्नर ओढतो, पट्टी हलत नाहीं. पण या प्रकारांत टाकीकडून येणारें इंधन तोडलें तर इंजिन थांबतें. चोरवाटेच्या प्रकारांत तें थांबत नाहीं. हा भेद नीट ध्यानांत ठेवला पाहिजे. कारण उपाय त्यावरच अवलंबून आहे.

उपाय काय, हें इंजिन बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३८ सालीं दोन धांवांच्या डिझेल इंजिनांची जी मालिका काढली, तींत हवा आंत ढकलणारा पंखा होता, आणि त्याच्या तोंडाशीं पोलादी झांकण बसविण्याची सोय होती. इंजिन उधळलें तर चालकानें एक मूठ ओढावी, झांकण पडावें, आणि इंजिन श्वासावांचून गुदमरावें. दुसऱ्या महायुद्धांत याच मालिकेचीं इंजिनें शेरमन रणगाड्याच्या एका जातींत आणि किनाऱ्यावर सैन्य उतरविणाऱ्या होड्यांत वापरलीं गेलीं. रेल्वेच्या इंजिनांतही वेग ठराविक मर्यादेबाहेर जातांच पंपाच्या पट्ट्या शून्यावर खेंचणारी कळ असते. भारतीय रेल्वेवर १९६२ पासून आलेल्या डब्ल्यू-डी-एम-२ जातीच्या डिझेल इंजिनांतही ती होती. मात्र ही कळ पंपापुरतीच. दुसऱ्या दारानें येणाऱ्या इंधनाला ती अडवूं शकत नाहीं. तेथें हवाच तोडावी लागते.

म्हणजे ज्ञान होतें, साधनही होतें. उणीव होती ती एवढीच कीं तें साधन जेथें हवें तेथें नव्हतें. ही उणीव किती महाग पडते याचीं उदाहरणें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत एकाच देशांत, एकापाठोपाठ एक, घडलीं.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यांत रोशॅरोन गांवाजवळ १३ जानेवारी २००३ रोजीं तेलविहिरींवरील टाकाऊ द्रवाचे दोन टँकर एका उघड्या खड्ड्यांत रिकामे केले जात होते. त्या द्रवांतून ज्वालाग्राही वाफ निघाली आणि ती उभ्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांनीं आंत ओढली. इंजिनें आपोआप घोंघावूं लागलीं, आणि क्षणांत भडका उडाला. कामावरील माणसें होरपळलीं व कांहीं प्राणांस मुकलीं.

दोन वर्षांनीं त्याच राज्यांतील टेक्सास सिटी येथील बी. पी. कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत याहून मोठा अनर्थ झाला. दिवस २३ मार्च २००५ चा, वेळ दुपारीं एकच्या सुमाराची. दुरुस्तीनंतर एक विभाग पुनः सुरू होत होता. १७० फूट उंचीच्या एका मनोऱ्यांत तीन तासांहून अधिक वेळ द्रव भरला जात होता, पण बाहेर कांहींच काढला जात नव्हता. आणि आंतील पातळी दाखविणारें उपकरण खोटी पातळी दाखवीत होतें. शेवटीं मनोरा भरून वाहिला, आणि तो द्रव जुन्या पद्धतीच्या एका उघड्या धुराड्यांतून कारंजासारखा उसळून जमिनीवर कोसळला. त्याची वाफ जड ढगासारखी भुईसरपट पसरूं लागली.

त्या धुराड्यापासून अवघ्या पंचवीस फुटांवर एक डिझेलची छोटी मालमोटार उभी होती. तिचें इंजिन मंद चालूं ठेवलेलें होतें. वाफ तिथपर्यंत पोंचतांच, कोणी स्पर्श न करतां, इंजिनाचा वेग वाढूं लागला. आंत बसलेल्या दोघां कामगारांनीं किल्ली फिरविली. इंजिन बंद होईना. त्यांनीं गाडी तशीच सोडली व तेथून पळ काढला. पुढें चौकशी-मंडळानें सर्व पुरावा पाहून असा निष्कर्ष काढला कीं ढग पेटविणारी ठिणगी बहुधा याच मोटारीची असावी. स्फोटांत १५ माणसें मेलीं आणि १८० जखमी झालीं. मेलेले सर्व कंत्राटी कामगार होते. सुरू होत असलेल्या विभागाशीं त्यांचा संबंध नव्हता. दुसऱ्याच कामासाठीं त्यांच्या तात्पुरत्या कचेऱ्या जवळ उभारल्या होत्या, आणि आज येथें धोका आहे असें त्यांना कोणी सांगितलेंही नव्हतें.

या अपघाताचें मूळ कारण ती मोटार नव्हे. मनोरा कां भरूं दिला, खोटें उपकरण कां चालूं दिलें, कचेऱ्या तेथें कां ठेवल्या, उघडें धुराडें इतकीं वर्षें कां राहूं दिलें, हे प्रश्न मोठे आहेत, आणि चौकशींत त्यांवरच मुख्य भर होता. परंतु त्या दोघांनीं किल्ली फिरविली तो क्षण विसरतां येत नाहीं. जगांतील कोणीही शहाणा मनुष्य जें करील तेंच त्यांनीं केलें. त्यांच्या हातीं जो एकच लगाम दिला होता तो त्यांनीं खेंचला, आणि तो दुसऱ्या टोंकाला कशालाच बांधलेला नव्हता. किल्ली टाकींतलें इंधन तोडते. त्या वेळीं इंधन टाकींतून येतच नव्हतें.

पांच वर्षांनीं मेक्सिकोच्या आखातांत हाच खेळ पुनः झाला. २० एप्रिल २०१० च्या रात्रीं दहाच्या सुमारास डीपवॉटर होरायझन या तरंगत्या खोदकाम-नौकेखालील विहिरींतून वायु उफाळून वर आला व डेकवर पसरला. नौकेची वीज मोठ्या डिझेल इंजिनांवर निर्माण होई. बचावलेल्या माणसांनीं पुढें साक्षींत सांगितलें कीं इंजिनांचा आवाज चढत चढत गेला, दिवे अधिकाधिक प्रखर होऊन फुटूं लागले, आणि मग एकामागून एक स्फोट झाले. विजेचे दिवे प्रखर होणें हा येथें उधळलेल्या इंजिनाचाच पुरावा होता. जनित्र वाजवीपेक्षां जोरानें फिरूं लागलें कीं विजेचा दाबही वाढतो. नौकेवर १२६ माणसें होतीं. त्यांपैकीं ११ परत आलीं नाहींत. दोन दिवसांनीं नौकाही बुडाली. विशेष हें कीं समुद्रांतील खोदकामावर वापरल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनाला, तें उधळल्यास हवा तोडणारें साधन असलें पाहिजे, असा अमेरिकन सरकारचा नियम त्यापूर्वींच अस्तित्वांत होता. नियम लिहून ठेवणें निराळें आणि संकटाच्या क्षणीं झडप खरोखर मिटणें निराळें.

आतां प्रश्न असा कीं डिझेल इंजिन उधळलें तर मनुष्यानें करावें काय? तेलविहिरी दूरच्या असल्या तरी डिझेल इंजिन दूरचें नाहीं. तें शेतांतल्या विहिरीवर पाणी उपसतें, एस. टी. ओढतें, रुग्णालयांत व शहरांतील इमारतींच्या आवारांत वीज गेली असतां जनित्र फिरवितें. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, तेव्हांपासून महाराष्ट्रांत तर हें यंत्र घरचेंच झालें आहे.

पहिली खूण वेगाची. भार वाढविला नाहीं, कोणी हात लावला नाहीं, आणि इंजिनाचा स्वर चढत चालला, धुराड्यांतून दाट धूर निघूं लागला, तर इंजिन उधळलें असें समजावें. विचाराला सवड कांहीं क्षणांचीच असते. प्रथम इंधन तोडावें. स्वर लगेच उतरूं लागला तर दोष पंपाचा. न उतरला तर इंधन दुसरीकडून येत आहे, आणि आतां उपाय एकच: हवा. हवेच्या नळावर झडप असेल तर ती मिटावी. नसेल, व नळाचें तोंड सुरक्षितपणें गांठतां येत असेल, तर जाड फळी किंवा पत्रा त्यावर घट्ट दाबावा. हात कधींही लावूं नये. ती ओढ मनुष्याचा तळवा सोडीत नाहीं. फडकेंही लावूं नये. तें आंत गिळलें जातें. कार्बन डाय-ऑक्साइडचा आग विझविण्याचा नळा जवळ असेल तर त्याचा झोत हवेच्या तोंडांत सोडावा. प्राणवायूच्या अभावीं इंजिन गुदमरतें. जुन्या पद्धतीच्या कांहीं लहान इंजिनांना दाब सोडून देणारी मूठ असते. ती उचलली कीं हवा दाबली जात नाहीं, तापत नाहीं, आणि काम थांबतें. हातानें गिअर बदलण्याची मोटार असेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून ब्रेक घट्ट दाबावे व क्लच सोडून इंजिन भाराखालीं कोंडावें. इंजिनावरचा भार मात्र काढूं नये. भार निघाला कीं तें अधिकच मोकळें सुटतें.

हें सर्व साधत नसेल तर दूर व्हावें, आणि इतरांनाही दूर करावें. उभें राहतांना गतिचक्राच्या रेषेंत उभें राहूं नये. चाक फुटलें तर तुकडे त्याच रेषेंत उडतात. इंजिन वंगण जाळून संपवील, मग कोरड्या दांड्यांवर आवळून बसेल किंवा मोडेल. इंजिन नवें घेतां येतें. आणि हवेंत वायूचा वास असेल तर इंजिनाकडे धांवण्याचा विचारही करूं नये; वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें चालत निघून जावें, आणि वाटेंतील कोणतीही मोटार सुरू करूं नये.

परंतु खरा उपाय आधींचा आहे. कुंडींत व हवेच्या भांड्यांत तेल खुणेइतकेंच भरणें, झिजलेल्या रिंगा व टर्बोचार्जरची गळती वेळींच पाहणें, पुष्कळ दिवस पडून राहिलेलें इंजिन सुरू करण्यापूर्वीं पंपाची पट्टी मोकळी सरकते कीं नाहीं हें तपासणें, या साध्या गोष्टी आहेत. अलीकडच्या अनेक डिझेल मोटारींत हवेच्या नळांत झडप असते. पण जुन्या व अवजड यंत्रांत ती पुष्कळदां नसते. जेथें ज्वालाग्राही वायूची शक्यता आहे तेथें हवा तोडणारी झडप बसविणें आणि ती दर कांहीं दिवसांनीं मिटवून पाहणें हाच तेथील खरा लगाम होय. न मिटविलेली झडप ही गंजलेल्या तलवारीसारखी. म्यान सुंदर, पण प्रसंगीं बाहेर निघत नाहीं.

वॅटच्या काळीं पट्टा तुटला म्हणजे काय होतें हें माणसानें मोल देऊन शिकून घेतलें होतें. डिझेलनें इंधनाची काटकसर करतांना एक लगाम कमी केला; तो त्याचा दोष नव्हे, त्या यंत्राचा स्वभावच तसा आहे. स्वभाव ओळखून दुसरा लगाम बसविणें हें पुढच्यांचें काम होतें, आणि तें जेथें जेथें राहिलें तेथें तेथें त्याची किंमत यंत्राच्या मालकांनीं नव्हे, तर जवळ काम करीत असलेल्या, बहुधा कांहींच न जाणणाऱ्या माणसांनीं दिली. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. टेक्सास सिटींतील त्या दोघांना किल्ली फिरवितांना हवी होती ती एक पोलादी झडप, आणि ती त्या दुपारच्या पुष्कळ आधीं बसवावयास हवी होती.